आई-बाबा, ट्रक घेतला आहे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय निघाला की बाबा विचारतात खर्च किती, आणि आई विचारते बाथरूमचं काय. दोन्ही उत्तरं एका दमात देता येत नाहीत, म्हणून लिहूनच टाकते. ट्रक घेतला आहे. मागे जोडायचं चाकांवरचं घर, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर, तेही ठरलं आहे. सप्टेंबरात तुम्ही आलात की डेन्व्हरहून ग्लेनवूड स्प्रिंग्ज, मग फ्रुटा आणि मोआब. रोज नव्या मोटेलात बॅगा उघडायच्या नाहीत. आपलीच गादी, आपलाच गॅस, आपलंच संडास-बाथरूम. रागावू नका, आधी सगळं वाचा.

बाबा, गाडी २०२२ ची फोर्ड एफ-१५० आहे, वापरलेली. ३.५ लिटरचं इकोबूस्ट इंजिन, चार दरवाजे, साधं एक्सएलटी मॉडेल, आणि मॅक्स ट्रेलर टो पॅकेज, म्हणजे जड ट्रेलर ओढण्यासाठीची कंपनीची जास्तीची तयारी. लेदर सीट नाही, सनरूफ नाही. काटकसर केली असं वाटेल तुम्हाला, पण कारण वेगळं आहे. दापोडीच्या वर्कशॉपच्या सवयीने तुम्ही पहिल्यांदा ड्रायव्हरचं दार उघडून आतलं लेबल वाचाल, तेच मी केलं. जाहिरातीत या गाड्या पाच-सहा टन ओढतात म्हणून लिहिलेलं असतं. तो आकडा आपल्या कामाचा नाही. ओढण्याच्या ताकदीच्या किती तरी आधी संपते ती पेलोड, म्हणजे ट्रकने स्वतःच्या पाठीवर घ्यायचं वजन. ती दारावरच्या पिवळ्या-पांढऱ्या लेबलवर छापलेली असते, आणि ती त्या मॉडेलची नसते, त्या एकाच गाडीची असते. सनरूफ, मोठी चाकं, मोटरने खाली येणारी पायरी, सगळं त्यातूनच वजा होतं. म्हणून गाडी जितकी महाग, तितकं बऱ्याचदा पेलोड कमी.

आपल्या लेबलवर ७९० किलो आहे. आता हिशेब बघा. ट्रेलर सामानासकट ३,००० किलोचा. त्याचं नाक हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागच्या जोडावर, साधारण १३ टक्के भार टाकतं, म्हणजे ३९० किलो. १० टक्क्यांच्या खाली गेलं तर ट्रेलरची शेपटी हलायला लागते, १५ च्या वर गेलं तर ट्रकचं बूड बसतं आणि पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग बोथट होतं. हिचचं लोखंड ४० किलो. उरले ३६०. मी ६०, तुमचे जावई ८०, बाबा ७४, आई ६२, चिमी आणि तिची सीट मिळून २६. उरले ५८. मागच्या हौद्यावरचं झाकण आणि हत्यारांची पेटी २५. राहिले ३३ किलो. आपलं हिच भार वाटून देणारं, वेट डिस्ट्रिब्यूशन जातीचं आहे; त्यामुळे नाकाचा थोडा भार ट्रेलरच्या ॲक्सलवर परत जातो, पण तो मी हिशेबात धरत नाही, राखीव असू दे.

आई, हे ३३ किलो लक्षात ठेव. पुढे कामाला येतील.

बाकीच्या गाड्या पाहिल्या नाहीत असं समजू नका. रॅम १५०० सगळ्यांत आधी पाहिली, ती आईच्या कमरेसाठी. तिला मागे पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत, खड्ड्यातून गेल्यावर फरक लगेच कळतो. एअर सस्पेन्शनवाली घेतली तर चढता-उतरताना गाडी खाली बसते, गुडघ्यांना तेवढाच आराम. पण ज्या रॅमवर मन गेलं तिच्या लेबलवर ५७० किलो. नाक आणि हिच वजा करून उरतात १४०, म्हणजे मी आणि जावई. तुम्हाला घरी ठेवून तुमच्यासाठी घेतलेली गाडी फिरवायची!

बाबा, टोयोटाच घे असं तुम्ही म्हणालात. इनोव्हाबद्दलचं तुमचं मत खरंच आहे, त्यावर वाद नाही. पण टंड्राची, म्हणजे टोयोटाच्या अशाच ट्रकची, २०२२ आणि २३ सालची काही इंजिनं २०२४ मध्ये कंपनीने परत बोलावली, लाखभर गाड्या. इंजिनात मशिनिंगचा कीस राहिला होता आणि त्याने मेन बेअरिंग खराब होऊ शकतं. माझ्या बजेटमध्ये नेमकी तीच सालं बसत होती. नव्या टंड्राला मी नावं ठेवत नाही.

शेव्हरलेच्या सिल्व्हराडोचं ५.३ लिटर व्ही-८ साधं, जुन्या घडणीचं इंजिन आहे, तुम्हाला आवडलं असतं. त्याची अडचण फक्त इथल्या डोंगरांत. आयझेनहॉवर बोगदा ३,४०० मीटरवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे तिथे ३५५ हॉर्सपॉवरचे २४० च्या आसपास राहतात, आणि मागे तीन टन. टर्बो पातळ हवाही दाबून आत घेतो, त्याच्या ताकदीतली घट फार कमी. आणि सिल्व्हराडोचं ३ लिटर डिझेल, आता काय सांगू, मन तिथेच अडकलं होतं. २०२३ पासूनच्या इंजिनाला ३०५ हॉर्सपॉवर आणि ६७१ न्यूटन-मीटर टॉर्क, उतारावर एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धूर अडवून इंजिनानेच वेग धरायचा, आवाज जेमतेम. पण इंजिन जड, ते वजन पेलोडमधून जातं. धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या युरियाची वेगळी टाकी भरा. आणि रोज ऑफिसला आठ-दहा किलोमीटर जाणाऱ्या माणसाने डिझेल घेतलं तर काजळीचा फिल्टर तुंबतो, कारण तो जळून साफ व्हायला लांबची धाव लागते. आपल्या पेट्रोल गाडीला ६७८ न्यूटन-मीटर आहे. तेवढ्यावर समाधान मानलं.

एका आकाराने मोठी, थ्री-क्वार्टर टन गाडी घेतली असती तर हा हिशेबच करावा लागला नसता. पण रिकामी असताना ती बैलगाडीसारखी आपटते, आणि वर्षातले बहुतेक दिवस ती रिकामीच असणार. बाबांच्या मणक्याला ते नको.

पेट्रोल पितो, हे कबूल. ट्रेलर मागे असताना लिटरला चार किलोमीटरच्या आत-बाहेर. १३६ लिटरची टाकी आहे, त्यामुळे पाचशे किलोमीटर निघतात. पण आपण तेवढं एका दमात जाणारच नाही. वेग ताशी १०० च्या वर नेणार नाही; ट्रेलरच्या टायरांची जातच निराळी असते आणि त्यातले बरेच ताशी १०५ साठीच बनवलेले असतात. टायर कुठल्या आठवड्यातला, कुठल्या सालचा, हे त्याच्या अंगावरच्या चार आकड्यांवरून बघूनच घेतले आहेत. उतारावर टो-हॉल मोड गिअर खाली आणून इंजिनाने गाडी धरतो. ब्रेकवर पाय ठेवून घसरत जायचं नाही. एकदा नीट दाबून वेग कमी करायचा आणि सोडायचा, म्हणजे डिस्क तापत नाहीत. ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक आहेत, त्यांचा कंट्रोलर माझ्या हाताशी आहे. लुनावर पुढे उभी राहून "बाबा, ब्रेक" असं ओरडणारी मीच ती. आता तुम्ही ओरडा, चालेल.

आई, तुझं ऐकते. ट्रेलर निवडताना मी आधी हे पाहिलं, की मुक्कामाला बाहेर सरकवायची भिंत आत असतानाही बाथरूमचं दार उघडतं का. हे उघडतं. पाण्याची टाकी १५० लिटरची, पण रस्त्यावर ४० च भरायची, कारण लिटरला किलो. वाटेत हात-पाय धुवायला, फ्लशला पुरतं. मुक्कामाला नळ असतो. दर दीड तासाने थांबायचं, कुणाला लागलेली असो की नसो. चहाला गॅस आहे, कुकर आहे, तुझा छोटा पोळपाटही ठेवला आहे. गाडी चालू असताना मात्र कुणीही मागच्या घरात बसायचं नाही, पाच मिनिटंही नाही, पाठ टेकायलाही नाही. पुढच्या गाडीला पक्की पायरी लावली आहे आणि खांबाला धरायची मूठ आहे. उजवा पाय आधी, दुखरा नंतर.

बाबांच्या इन्सुलिनची काळजी करू नको. चालताना सिलिंडर बंद ठेवायचा आणि फ्रिज बॅटरीवर चालतो, त्यात २ ते ८ अंश राहतात ना हे बघायला थर्मामीटर ठेवला आहे. वापरातलं पेन तुझ्या पर्समध्ये, काचेजवळ नाही. उंचीचंही ठरवलं आहे: आधी काही दिवस डेन्व्हरलाच, १,६०० मीटरवर, मग निघायचं. बोगद्यातून फक्त पार व्हायचं, वर मुक्काम नाही. रात्र ग्लेनवूडला, १,७५० मीटर. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत, तुझे गुडघे म्हणतील राहा अजून. मोआब तर डेन्व्हरपेक्षाही खाली. तरी निघण्याआधी डॉक्टरांना ही उंची स्पष्ट आकड्यांत सांगा आणि बीपीच्या गोळ्यांबद्दल विचारा. "डोंगरात जातोय" एवढंच सांगू नका.

आता नियम. बाबा, ट्रक मागे येत असताना ट्रक आणि ट्रेलरच्या मध्ये उभं राहायचं नाही. हाताने नाक सरळ करायला जायचं नाही. ड्रायव्हरच्या आरशात दिसाल असे बाजूला उभे राहा आणि तपासनीस व्हा, ते काम तुमचंच. हिचचा बॉल ट्रेलरच्या नाकात बसून कुलूप लागलं की ट्रेलरचा जॅक थोडा वर करायचा. ट्रकचं बूड त्याच्याबरोबर उचललं गेलं तर पकड खरी. साखळ्या खालून एकमेकींवर आडव्या, म्हणजे नाक सुटलंच तर त्यांच्या झोळीत पडतं. ब्रेकअवेची तार, म्हणजे ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी, साखळीला नाही, ट्रकला वेगळी. सात पिनांचा प्लग, दिवे, जॅक पूर्ण वर. पहिल्या ८० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा टॉर्क पान्याने. मी एखादं विसरले तर गाडी हलू द्यायची नाही.

आणि ते ३३ किलो. विमानातून चार बॅगा आणाल, २३ प्रमाणे ९२. त्यातल्या ट्रेलरमध्ये टाकाव्यात म्हणशील, पण तीन टनांत तुमचे कपडे धरलेले आहेत, खलबत्ता नाही. म्हणून प्रवासाला दोघांत मिळून एक बॅग, बाकी तीन आमच्या घरी. मेतकूट आण, लोणचं आण, पितळी खलबत्ता राहू दे. तुझी माया वजनात मोजत नाही गं, ट्रक मोजतो. निघण्याआधी मी सगळ्यांना बसवून हायवेवरच्या ट्रकच्या काट्यावर गाडी नेणार आहे, आधी ट्रेलरसकट, मग नुसता ट्रक. तिथे कुणाचंच काही लपत नाही.

बाबांचं ७४ हे मागच्या दिवाळीचं आहे. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे दोघांचं वजन करा, बूट घालून, आणि रविवारच्या आत कळवा. खरं कळवा.

तुमची,
मनी

ता. क. बाबा, रस्ता रिकामा आणि सपाट असेल तिथे, ट्रेलर सोडून ठेवल्यावर, तुम्ही चालवून बघा. आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा, आणि मूळ लायसन्सही सोबत. आईला आत्ताच सांगू नका.