राधानगरीचं पाणी आणि आम्ही खालचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर पावसाळ्यात आपल्या पहिल्या पानावर 'राधानगरी धरण भरलं' ही बातमी असते. स्वयंचलित दरवाजे किती उघडले, एकेका दरवाजातून १,४२८ क्युसेक, पॉवर हाऊसमधून वेगळं. माझी शाळकरी नातसुद्धा हा १,४२८ चा आकडा पाढ्यासारखा म्हणते. त्याच्या खालीच दुसरी बातमी असते, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर गेली त्याची. या दोन बातम्यांच्या मधे धरणाखालच्या भोगावती नदीचा काठ आहे आणि तिथं आम्ही राहतो. आमची बातमी सहसा नसते, म्हणून हे पत्र.

माझं वय सहासष्ट. नदीला लागून दीड एकर मळीची जमीन, तीत ऊस आणि काठावर साडेसात एचपीची मोटर. धरणातून आलेलं पाणी आधी पॉवर हाऊसमधून फिरतं, वीज करतं आणि मग आमच्याकडं येतं. माझे आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे, "वीज काढून घेतल्यावर पाण्यात दम राहत नाही." तेच पाणी पिऊन त्यांचा ऊस कारखान्याला जायचा, ते मात्र त्यांना दिसायचं नाही. सुरुवातीला तिथं १.२ मेगावॉटचे चार संच होते, म्हणजे सगळे मिळून ४.८ मेगावॉट. आता नवे संच बसवून क्षमता १० मेगावॉटवर नेली आहे. कोयनेच्या पुढं हे चिमूटभरच.

शाहू महाराजांनी हे धरण हाती घेतलं तेव्हा ते संस्थानच्या तिजोरीला जड होतं. १९१८ ला भिंत ४० फुटांवर आली आणि काम थांबलं. महाराज १९२२ ला गेले. पुढं राजाराम महाराजांच्या काळात पुन्हा हात लागला आणि पुरं व्हायला १९५७ उजाडलं. तोवर संस्थानही विलीन झालं होतं. तळ्याला नाव महाराणी लक्ष्मीबाईंचं, गावाला नाव राजकन्या राधाबाईंचं.

धरणाची भीती मला पहिल्यांदा कळली ती १९६७ च्या ११ डिसेंबरच्या पहाटे. कोयनेच्या भूकंपानं आमच्या मांडणीवरची भांडी खाली आली. आई आम्हा पोरांना घेऊन अंगणात पळाली. वडील मात्र कंदील घेऊन थेट नदीवर गेले. पानशेत फुटून तेव्हा सहाच वर्षं झाली होती. काठावर खुंटी ठोकून ते उजाडेपर्यंत पाणी वाढतंय का बघत बसले. वाढलं नाही. घरी आल्यावर चहा पीत एवढंच म्हणाले, "म्हाराजांचं काम हाय."

ते खरंच आहे. त्या भिंतीबद्दल माझी तक्रार नाही, उगाच कुणाला घाबरवायचंही नाही. माझं म्हणणं दरवाजांबद्दल आहे आणि त्यातही जे दरवाजे माणसाच्या हातात आहेत त्यांच्याबद्दल.

स्वयंचलित दरवाजांना बटण नाही. पाणी ३४७.५० फुटांना टेकलं की ते आपले आपण उघडतात, पातळी उतरली की मिटतात. इतकी वर्षं ते आपलं काम करताहेत. सातही उघडले तरी जेमतेम १० हजार क्युसेक. पण पुढं मोठा पाऊस आहे म्हणून आधी थोडं पाणी सोडून जागा करायची म्हटलं, तर या दरवाजांचा उपयोग नाही, धरण भरल्याशिवाय ते हलायचे नाहीत. तेव्हा हाताशी राहतं फक्त पॉवर हाऊस आणि सर्व्हिस गेट, म्हणजे माणसानं उघडायचा-मिटायचा दरवाजा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३ असताना. त्यानंतर आगाऊ पाणी सोडण्यावर बरीच चर्चा झाली, नव्या दरवाजांच्याही बातम्या आल्या. चर्चा करणाऱ्यांनी सर्व्हिस गेट किती महत्त्वाचं आहे ते आमच्याकडून ऐकावं.

कारण २९ डिसेंबर २०२१ आम्ही विसरलेलो नाही. पाऊस नाही, ढग नाही, चांगली थंडी. सकाळी धरणावर काहीतरी तांत्रिक काम चालू असताना सर्व्हिस गेट उघडं राहून अडकलं आणि हजारो क्युसेक पाणी भोगावतीत सुटलं. ते बंद करायला काही तास गेले. पुतण्याच्या मोबाइलवर कुणीतरी व्हिडिओ टाकला म्हणून आम्हाला कळलं. आधी वाटलं पावसाळ्यातलाच जुना व्हिडिओ कुणीतरी फिरवतोय. मग शिरगाव, तारळ्याच्या पाहुण्यांचे फोन यायला लागले तसे मळीकडं धावलो. चौघांनी मिळून मोटर वर ओढली, स्टार्टरची पेटी सोडवली. फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या पाण्यातल्या तोंडाची झडप, जिला आम्ही सगळे फुटबॉलच म्हणतो, तो पाइपासकट तिथंच राहिला आणि गेला. त्याचं काही वाटत नाही, फुटबॉल बाजारात मिळतो.

वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. डिसेंबर म्हणजे ऊसतोडीचे दिवस. बीडकडची एक टोळी नदीच्या उतारावर खोप्या घालून होती. गडी फडात गेलेले. खोप्यांजवळ एक म्हातारी आणि तीन-चार लहान पोरं, त्यातली दोन पाण्यात पाय सोडून भांडी घासत बसलेली. आमच्या ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांच्यातलं कोण असणार? त्यांचे पाहुणे शिरगावला नाहीत. माझ्या भावजयीनं ओरडून, शेवटी हाताला धरून त्यांना वर आणलं. म्हातारी म्हणाली, "पाऊस न्हाई काय न्हाई, पानी कुठनं येतंय?" तिला काय सांगणार? आम्हालाही तेवढंच माहीत होतं.

पुढचा योगायोग मला नंतर कळला. लगेच दुसऱ्या दिवशी, ३० डिसेंबर २०२१ ला, देशाचा धरण सुरक्षा कायदा लागू झाला. मी वकील नाही, पण मुलाकडून छापून घेऊन सावकाश वाचला. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी, आणीबाणीचा कृती आराखडा, खालच्या लोकांना वेळेत सावध करायची व्यवस्था, जुन्या धरणांची सर्वंकष सुरक्षा तपासणी, सगळं त्यात लिहिलेलं आहे. आराखडा आणि सर्वंकष तपासणी या दोन्हींना कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे. ती ३० डिसेंबर २०२६ ला संपते.

यातलं काय झालं, काय राहिलं, ते विचारायला मी दोनदा एका कार्यालयात गेलो. पहिल्यांदा साहेब बैठकीला गेले होते. दुसऱ्यांदा भेटले, चांगलं बोलले, चहाही दिला आणि म्हणाले, "काका, सगळं व्यवस्थित आहे, तुम्ही काळजी करू नका." अहो, माझी काळजी मी करतो, तुम्ही मला कागद दाखवा. तपासणीच्या अहवालात सर्व्हिस गेटबद्दल काय शेरा आहे, तो कुठल्या तारखेचा आहे, एवढं एक पान मराठीत ग्रामपंचायतीत लावायला काय हरकत आहे? तिवऱ्याला २०१९ मध्ये धरण फुटलं तेव्हा खापर खेकड्यांवर फोडलं होतं. खेकड्यांना नोटीस वाचता येत नाही, आम्हाला येते.

आणि भोंगा. धरणावर वाजलेला भोंगा आमच्यापर्यंत ऐकू येणं शक्यच नाही. नदीकाठच्या प्रत्येक गावात देवळावर किंवा पंचायतीवर स्पीकर आहेच, सकाळी भजन त्यावरच लागतं. धरणावरून एक फोन आणि त्या स्पीकरवरून एक वाक्य, याला निधी लागत नाही. लागते ती कुणी कुणाला फोन करायचा याची यादी आणि वर्षातून एकदा तिची रंगीत तालीम. ती पावसाळ्यापुरती नको, गळीत हंगाम सुरू होतानाही घ्या, कारण तेव्हा काठावर परमुलखातली माणसं असतात. मुकादमाचा नंबर कारखान्याच्या शेती विभागाकडं असतो, तो त्या यादीत जाऊ द्या.

धरणाच्या परिसराबद्दल बोलायचं तर बरंच आहे, पण थोडक्यात आटोपतो. दरवाजे उघडले की कोल्हापुरापासून गाड्यांची रांग लागते. बघायला जरूर यावं, मीही नातीला नेतो. पण फोंडा घाटाकडं जाणारा रस्ता सेल्फीसाठी अडवू नये आणि पत्रावळ्या-बाटल्या नदीत टाकू नयेत, त्या वाहत येऊन आमच्याच बंधाऱ्याच्या फळ्यांत अडकतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तळ्यातला बेनझीर व्हिला, तो जुना बंगला, दिसतो. त्याची पडझड बघून जीव तुटतो. त्यावर वेगळं पत्र लिहीन, आपण छापणार असाल तर.

आमच्या पंचायतीसमोर सूचनांचा एक काळा फळा आहे. सध्या त्यावर कधीतरी होऊन गेलेल्या नेत्रतपासणी शिबिराची तारीख आहे. धरणाच्या तपासणीचं ते एक पान कुणी पाठवणार असेल, तर ती तारीख मी स्वतः पुसून ठेवतो.

आपला,
भोगावतीकाठचा एक शेतकरी वाचक
ता. राधानगरी, जि. कोल्हापूर