पारितोषिकं मिळाली, आता मोजमापं घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या उन्हाळी रेसिडेन्सींची माहिती वाचली. सार्वजनिक इमारती आणि नगररचना यांवर स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांनी काही आठवडे एखाद्या शहरात येऊन राहायचं, विषय आपला आपण निवडायचा, जाणकारांनी येऊन त्यावर बोलायचं आणि शेवटी ते काम लोकांपुढे मांडायचं, अशी ती पद्धत. माझी भाची आर्किटेक्ट आहे. तिने कात्रण कापून घेतलं आणि लगोलग पासपोर्टची मुदत बघितली. तिने जरूर जावं. पण अशी एक रेसिडेन्सी इंदुरात, आणि तीही भर मे महिन्यात, का होऊ नये?

मी आर्किटेक्ट नाही. सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात माझी नोकरी गेली. ट्रेसिंग पेपर, अमोनिया प्रिंट आणि शेवटी शेवटी कॉम्प्युटर. हुद्दा निवृत्तीपर्यंत ‘ड्राफ्ट्समन’ हाच.

बाहेरच्या माणसाने येऊन हे शहर पायी तुडवावं, यात इंदूरला नवल नाही. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या काळात स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीज इथे आले, गल्ल्यागल्ल्यांतून हिंडले आणि 1918 साली त्यांनी दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला. सरसकट पाडापाडी नको, जिथे दुखतंय तिथेच चाकू लावा, हा त्यांचा आग्रह. शहरात प्लेगची धास्ती होती. त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली आणि तिचा मार्ग ठरवला तो कोणत्या रस्त्यावरचे लोक घरं, अंगणं जास्त स्वच्छ करतात त्यावरून. मिरवणुकीत प्लेगचा भला मोठा उंदीर होता, आणि झाडूवाले फुलांचे हार घालून चालले. आज स्वच्छतेच्या बक्षिसांच्या कमानी उभारणाऱ्या आपल्या शहरात या माणसाचं नाव किती जणांना ठाऊक असेल, देव जाणे.

त्यानंतर आपल्या इंदुराला वास्तुरचनेचं आगा खान पारितोषिक दोनदा मिळालं. पहिलं 1995 साली आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींच्या अरण्य वसाहतीला. 85 हेक्टर जमीन, सुमारे साडेसहा हजार भूखंड, सगळ्यात लहान 35 चौरस मीटरचा. गरीब कुटुंबाला तयार घर न देता जोतं, संडास-न्हाणी आणि नळ द्यायचा. वरचं ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधत जायचं. वानगी म्हणून 80 घरं मात्र बांधून दाखवली होती. दुसरं 1998 साली, अभियंता हिमांशु पारीख यांच्या झोपडपट्टी-जोडणीच्या कामाला. झोपड्या बहुतेक ओढ्यानाल्यांच्या काठी असतात आणि पाणी नेमकं तिकडेच उतरतं. मग गटाराची मुख्य वाहिनी तिथूनच नेली तर वस्तीचंही भागतं आणि शहराचंही, असा तो साधा, पण कोणाला न सुचलेला हिशेब. पुढे देखभालीअभावी या गटारांवर टीकाही खूप झाली.

माझं म्हणणं या ‘पुढे’बद्दल आहे. आमच्या कामात नकाशे दोन प्रकारचे: एक मंजूर, दुसरा ‘ॲज बिल्ट’, म्हणजे काम प्रत्यक्षात जसं झालं तसा. पहिल्यासाठी सह्यांची रांग लागते. दुसरा बहुधा काढलाच जात नाही, कारण तोवर बिल निघालेलं असतं आणि साहेबांची बदली झालेली असते. दोशींचे अरण्यचे नकाशे जगभरच्या पुस्तकांत छापले गेले. पण आज तिथे जाऊन बघा. जोत्यावर दोन-तीन मजले चढलेत, जिना रस्त्यात उतरलाय, ओटल्यावर किराणा थाटलाय, वानगीची घरं शोधावी लागतात. कोणी म्हणेल, योजना बिघडली. मला वाटतं, योजनेला हेच तर हवं होतं. फक्त कुठे साधलं आणि कुठे शेजाऱ्याचा उजेड गेला, हे मोजल्याशिवाय कसं कळणार?

म्हणून इंदूरच्या रेसिडेन्सीत नवी डिझाइन्स करायला बंदी असावी. एकाने अरण्यातली एक गल्ली घ्यावी. दुसऱ्याने त्या गटारांचं एखादं चेंबर गाठून पाणी आज खरंच कुठे जातं ते शोधावं. तिसऱ्याने एबी रोड (आग्रा-मुंबई रस्ता) धरावा: 2013 साली तिथे बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली, 2025 मध्ये उच्च न्यायालयाने ती काढायला संमती दिली, तर बसची वाट बघणारी बाई आता सावलीला कुठे उभी राहते, एवढंच मोजावं.

मे महिना मी मुद्दाम म्हणते. पारा चाळिशीपार गेला की सार्वजनिक जागेचं खरं-खोटं बाहेर पडतं. दुपारी ज्या चौकात चिटपाखरू नसतं, तो चौक नकाशात कितीही देखणा असो. आणि रात्री शबे-मालवाचा, म्हणजे माळव्याच्या रात्रीचा, गार वारा सुटला की ओटल्यांवर गर्दी. सराफ्यात तर सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे भुट्ट्याचा कीस आणि गराडू! (गराडू थंडीतले, मान्य.) एकच रस्ता दिवसा एकाचा, रात्री दुसऱ्याचा, हे कोणत्याही आर्किटेक्टने काढून दिलेलं नाही.

राहायची सोय हॉटेलात नको, वस्तीतच भाड्याच्या खोल्या घ्याव्यात. भाडं तिथल्याच लोकांच्या हाती जाईल. निम्म्या जागा आयटीआयच्या ड्राफ्ट्समन मुलामुलींना आणि डिप्लोमावाल्यांना राखून ठेवाव्यात. त्यांना टेप धरता येते, मिस्त्रीशी बोलता येतं, आणि असल्या निवडीत त्यांना आजवर कोणी विचारलेलं नाही. भोपाळच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरने पुढाकार घेतला तर उत्तमच. प्रदर्शन कलादालनात नको. नकाशे वॉर्डाच्या कचेरीत भिंतीला लावा, शेजारी दोरीला पेन्सिल बांधा; ज्याचं घर चुकलं असेल तो येऊन दुरुस्त करील.

टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवा असेल, तर मी येईन. सकाळी सात ते दहा. त्यानंतरचं ऊन आता सोसत नाही.

आपली,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन
लोकमान्य नगर, इंदूर