टोप अजून माझ्याकडेच आहे, मावशी

प्रिय मावशी,

असं चारचौघांत पत्र लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, हे ठाऊक असून लिहितेय. गेल्या महिन्यात आई गेली. तिची मांडणी आवरताना तो जर्मनचा टोप हाताला लागला आणि मी तिथंच खाली बसले.

10 जुलै 2018. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी, लोकल बंद, वसईत वीज गेलेली. आमच्या तळमजल्यावरच्या घरात पलंगाखाली चपला तरंगत होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या सेक्रेटरींनी "बघतो काहीतरी" म्हणत दार लावून घेतलं. मामेभाऊ फोनवर म्हणाला, "गाड्या बंद आहेत गं, नाहीतर बोलावलंच असतं." गाड्या सुरू झाल्या, त्याचा फोन मात्र सुरू झाला नाही. सोसायटीच्या ग्रुपवर तर जोडलेल्या हातांचा नुसता पूर आला होता.

तुमची-आमची ओळख ती काय? फाटकाशी तुमच्या टोपलीतून घेतलेली अळूची पानं नि केळी. तरी कमरेभर पाण्यातून तुमचा मुलगा आला आणि आईला पाठकुळी घेऊन निघाला.

तुमचं घर उंच जोत्याचं. ओटीवर बसल्या बसल्या तुम्ही वाडीतलं तुडुंब भरलेलं बावखल, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं तळं, दाखवलंत आणि म्हणालात, "सगळ्यांनी आपापली बुजवली, मग पाणी जाणार कुठं? तुमच्या घरातच येणार." आमची सोसायटी कशावर उभी आहे ते मला त्या दिवशी कळलं.

पण मला सांगायचंय ते टोपाचं.

आई तुळशीची माळ घातलेली. आदल्या दिवशी योगिनी एकादशी झालेली, मंगळवारी दुपार कलली तरी तिचं पारणं नव्हतं. तुमच्या स्वयंपाकघरातून बोंबलाचा वास येत होता. परक्याच्या दारात काय मागायचं म्हणून ती गप्प, आणि लाजेनं मीही. तुम्ही आत गेलात, स्टुलावर चढून कपाटावरचं खोकं काढलंत आणि नवाकोरा टोप घेऊन बाहेर आलात. लेकीच्या संसारासाठी घेऊन ठेवलेला. नखानं स्टिकर खरवडत म्हणालात, "ह्यात अजून काही शिजलेलं नाही. भात लावते. काल भाजी नको, केळीच द्या म्हणालात, तेव्हाच कळलं एकादशी आहे ते."

स्टिकर अर्धंच निघालं. गॅसवर उरलेलं जळालं आणि टोपाच्या बुडाशी काळा चौकोन उठला. तो अजून आहे. आईनं राखेनं घासून पाहिला, चिंचेनं घासून पाहिला, मग नाद सोडला.

आम्ही तीन दिवस राहिलो. "त्यांच्यात गेलात की हळूहळू ओढतात" असं मला आधी ऐकवलेल्यांसाठी सांगते: तीन दिवसांत धर्माची गोष्ट निघाली ती एकदाच, तीही माळेच्या मण्यांवरून. संध्याकाळी तुम्ही रोझरी घेऊन बसलात, शेजारी आई तिची माळ घेऊन. आईनं तुमचे मणी मोजले. 59 भरले. "आमचे 108 असतात," असं ती जरा तोऱ्यातच म्हणाली. तुम्ही म्हणालात, "मग माझ्यासाठीही थोडे ओढा." त्या पुरात आई पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

निघताना मी पाकीट पुढं केलं. तुम्ही माझी मूठच मिटलीत. "उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये असं शास्त्रात सांगितलंय. आणि तुम्ही नोटा मोजत बसलात!" देवळातले फादर म्हणाले म्हणून त्याच सकाळी तुम्ही मिठागराकडच्या लोकांसाठी तांदूळही दिले होतेत. हे मला तुमच्या सुनेकडून कळलं, तुमच्याकडून नाही. घरात डबा केवढा होता ते मी पाहिलं होतं, मावशी. माणसाकडे खूप असलं की तो देतो, हा माझा समज त्या डब्यात डोकावल्यावर गेला. ज्यांच्याकडे खूप होतं, त्यांनी तर दार लावलं होतं.

आणि आता मी हे पत्र लिहून तुमच्या डाव्या हाताला सगळं सांगून टाकलं. रागवा.

टोप आईनं परत पाठवला होता, आठवतंय? रिकामं भांडं द्यायचं नसतं म्हणून संक्रांतीचे लाडू घालून. तुम्ही तो सुकेळी भरून माघारी धाडलात. पुढच्या नाताळात तुमच्याकडे गेला तो पुरणपोळ्या घेऊन आणि आला करंज्या घेऊन. इतक्या वर्षांत तो नक्की कुणाचा हे काही ठरलं नाही. शेवटची खेप तुमच्याकडून आलेली, म्हणजे आता पाळी आमची.

रविवारी मिस्सा आटोपल्यावर घरी असाल ना? पुरणपोळ्या आणते. माझ्या फाटतात, आधीच सांगून ठेवते.

तुमची,
तळमजल्यावरची