सुमे, इराने हात वर करणं सोडलंय

सुमे,

तब्येती सगळ्यांच्या ठीक, आईचा गुडघा तसाच. आता मुद्द्याचं.

इरा वर्गात हात वर करत नाही. इथे कोणाला सांगितलं तर "पैकीच्या पैकी मार्क आहेत ना, मग काय" एवढंच ऐकू येतं, म्हणून तुला लिहितेय, पाचवीत तू नेमकं हेच केलं होतंस आणि मी शेजारी बसून बघत होते.

झालं असं, चौकटीच्या वहीत टिंबं काढता काढता तिला दिसलं की १ आणि ३ मिळून ४, त्यात ५ घातले की ९, मग ७ घातले की १६, दर वेळी चौरसच. का, तेही तिचं तिने दाखवलं, चौरसाच्या दोन बाजूंना टिंबांची पट्टी लागते आणि ती पट्टी दर खेपेला दोनने वाढते! शाळेत सांगायला गेली तर "ते पुढच्या इयत्तेत आहे, दिलंय ते कर". बाईंना एवढी मुलं सांभाळायची असतात, मला कळतं गं, पण तेव्हापासून ही मुद्दाम हळू लिहिते, सगळ्यांबरोबर संपावं म्हणून.

दादा म्हणतो एक इयत्ता गाळा, काकू म्हणते पुढचं पुस्तक आणून दे. मला दोन्ही नकोय. पुढचं पुस्तक आत्ता संपवलं तर पुढच्या वर्षी अजून कंटाळेल. त्यापेक्षा आहे तिथेच खोल जाऊ दे. परवा तिला सांगितलं, २ पेक्षा मोठी कुठलीही सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते का, हा प्रश्न १७४२ मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने ऑयलर या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रातून निघाला आणि अजून कोणी सिद्ध करू शकलेलं नाही. "मोठ्यांनाही येत नाही?" म्हणून असली खूश झाली! २८ म्हणजे ५ आणि २३, शिवाय ११ आणि १७, जेवतानाही तेच चालू.

पण खरी भीती वेगळीच आहे. अडलं की ती वही फेकते. अडायची सवयच नाही ना, शाळेत काही अडतच नाही. म्यूलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचा १९९८ चा अभ्यास वाचला, कोडी सुटल्यावर ज्या मुलांना "हुशार आहेस" म्हटलं ती पुढे सोपंच निवडायला लागली आणि एकदा अवघडात आपटल्यावर आधी जमणाऱ्या कोड्यांतही घसरली, ज्यांच्या मेहनतीचं कौतुक केलं त्यांचं तसं झालं नाही. वाचताना तुझी अकरावी डोळ्यासमोर आली. तोवर सगळे तुला हुशार हुशार म्हणत होते, आणि पहिल्यांदा अडलीस तेव्हा कोणाला विचारायचं हेच तुला माहीत नव्हतं. आता घरी "हुशार" बंद केलंय, "कुठून सुरुवात केलीस, दाखव" एवढंच विचारते. आजी मात्र ऐकत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर पाढे म्हणायला लावते, तुझे बाबा तुला घड्याळ लावून गुणाकार करायला लावायचे तसं.

आणि भूमितीच्या पेपरआधी मी विचारलं तर तू "असंच दिसतं" म्हणालीस, त्यावरून आपण किती दिवस बोललो नव्हतो! माझंच बरोबर होतं, कसं दिसतं ते सांगायला हवं होतंस. इरासुद्धा हुबेहूब तेच म्हणते, "दिसतं".

नवी नोकरी कशी आहे? घर लागलं का? समीरला विचारलंय म्हणून सांग.

रविवारी फोन कर, पण माझ्याशी नाही, तिच्याशी बोल. तू हात वर करणं का सोडलंस ते तिला खरं खरं सांग, मला तू कधी सांगितलं नाहीस.

तुझी,
नीलू