अर्धे आकडे आणि चुकीची आच

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत उत्तर अमेरिकेतील एल्क या मोठ्या हरणाच्या मांसाविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. कोलोरॅडोमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून मी बरीच वर्षे काम केले आहे. येथे शरद ऋतूत शिकारीचा हंगाम सुरू झाला की शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरांतून एल्कच्या मांसाची पाकिटे एकमेकांकडे जाऊ लागतात, त्यामुळे हे मांस मी तक्त्यातून ओळखते तसेच स्वयंपाकघरातूनही. लेखकाने त्याच्या पोषणमूल्याविषयी जे कौतुक केले आहे, ते बरेचसे खरे आहे. मात्र काही आकडे अर्धवट आहेत आणि शिजवण्याविषयी दिलेला सल्ला तर असा आहे की तो पाळणाऱ्याच्या ताटात कोरडे, चामट मांस पडेल आणि दोष बिचाऱ्या प्राण्याला दिला जाईल.

आधी नावाविषयी एक खुलासा. लेखात एल्कला एका ठिकाणी ‘सांबर’ म्हटले आहे आणि सोबतचे छायाचित्र पसरट, पंजासारख्या शिंगांच्या मूसचे आहे. गोंधळ होणे स्वाभाविक आहे, कारण युरोपात ज्याला एल्क म्हणतात तो अमेरिकेतला मूस होय. अमेरिकेतला एल्क म्हणजे वापिटी. हा शब्द शॉनी या मूळ अमेरिकी जमातीच्या भाषेतला असून त्याचा अर्थ ‘पांढऱ्या पार्श्वभागाचा’ असा आहे. सांबर या दोहोंहून निराळा प्राणी. मराठीत ‘एल्क’ किंवा ‘वापिटी’ हेच शब्द ठेवावेत, नाहीतर एकाचे पोषणमूल्य दुसऱ्याच्या नावावर चढते.

आता आकडे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार एल्कच्या १०० ग्रॅम कच्च्या, चरबी काढलेल्या मांसात सुमारे १११ किलोकॅलरी, २३ ग्रॅम प्रथिने आणि जेमतेम दीड ग्रॅम चरबी असते. हेच मांस भाजल्यावर पाणी उडून जाते, म्हणून १०० ग्रॅम शिजलेल्या मांसात १४६ किलोकॅलरी, ३० ग्रॅम प्रथिने आणि सुमारे दोन ग्रॅम चरबी भरते. लेखात प्रथिनांचा आकडा शिजलेल्या मांसाचा आणि उष्मांकाचा आकडा कच्च्या मांसाचा घेतला आहे, आणि त्यामुळे हे मांस आहे त्याहून अधिक अद्भुत वाटू लागते. शिवाय ‘कोलेस्टेरॉल नाही’ हे विधान साफ चुकीचे आहे. कोणत्याही प्राण्याच्या मांसात कोलेस्टेरॉल असतेच. एल्कच्या १०० ग्रॅम शिजलेल्या मांसात ते ७३ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. चरबी कमी असणे आणि कोलेस्टेरॉल नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण कोलेस्टेरॉल हे स्नायूंच्या पेशींच्या आवरणातही असते.

लोहाविषयी लेखकाने जे लिहिले आहे, त्यात मी थोडी भरच घालीन. १०० ग्रॅम शिजलेल्या मांसात साडेतीन मिलिग्रॅमहून थोडे अधिक लोह असते. अमेरिकी शिफारशीप्रमाणे १९ ते ५० वयाच्या स्त्रीला दिवसाला १८ मिलिग्रॅम लोह लागते, म्हणजे एवढ्या मांसातून तिची पंचमांश गरज भागते, आणि हे लोह ‘हीम’ प्रकारचे, म्हणजे प्राण्यांच्या रक्तात व स्नायूंत आढळणारे, असल्यामुळे वनस्पतींतील लोहापेक्षा शरीरात सहज शोषले जाते. एल्कच्या मांसाचा गडद, जांभळट लाल रंग ज्या मायोग्लोबिन या स्नायूंतल्या प्रथिनामुळे येतो, त्यातच हे लोह असते. जस्त आणि ब१२ जीवनसत्त्वही यात चांगले आहे. कॅल्शियम जवळजवळ नाही, तंतू मुळीच नाहीत. ज्यांना शरीरात लोह साठण्याचा विकार आहे किंवा संधिवाताचा ‘गाउट’ हा प्रकार आहे, त्यांनी हे मांस पौष्टिक आहे म्हणून भरपूर खाऊ नये, ही सूचना लेखात असायला हवी होती.

‘जवळजवळ निव्वळ प्रथिने’ ही लेखकाला या मांसाची सर्वांत मोठी थोरवी वाटते. भाजलेल्या एल्कमधील ८० टक्क्यांहून अधिक उष्मांक प्रथिनांतून येतात, हे खरेच आहे. पण माणसाच्या यकृताला प्रथिनांवर प्रक्रिया करण्याची मर्यादा असते, आणि दिवसाच्या उष्मांकांपैकी ३५ ते ४० टक्क्यांच्या फार पुढे प्रथिने गेली की मळमळ, जुलाब, अशक्तपणा असा त्रास सुरू होतो. उत्तरेकडच्या हिवाळ्यात केवळ सशाच्या चरबी नसलेल्या मांसावर दिवस काढणाऱ्यांची पोटभर खाऊनही उपासमार होत असे आणि त्या अवस्थेला ‘सशाची उपासमार’ असेच नाव पडले. उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना हे पोषणशास्त्राच्या कितीतरी आधी ठाऊक होते. मैदानी प्रदेशातील लोक बायसन, एल्क, हरीण यांचे मांस वाळवून कुटत आणि त्यात वितळवलेली चरबी, कधी सुकवलेली रानबोरे मिसळून पेमिकन करीत. हा शब्द क्री भाषेतल्या ‘पिमी’ म्हणजे चरबी या शब्दावरून आलेला आहे. पदार्थाचे नाव मांसावरून न पडता चरबीवरून पडले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. ज्यांनी हजारो वर्षे हे मांस खाल्ले, त्यांनी त्याची उणीव नेमकी हेरली आणि ती भरून काढण्याची रीत बसवली.

ही चरबीची उणीवच स्वयंपाकात आडवी येते, आणि माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. लेखात ‘एल्कचे मांस बीफप्रमाणेच, पण थोडे अधिक वेळ शिजवावे’ असा सल्ला आहे. तो उलटा आहे. बीफच्या स्नायूंमधून चरबीचे जाळे पसरलेले असते. मांस तापले की ती चरबी वितळते आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या हातून चार-पाच अंशांची चूक झाली तरी सांभाळून घेते. एल्कमध्ये ते जाळेच नाही. त्यामुळे स्नायूंचे धागे आकसले की आतले पाणी बाहेर पडते आणि त्याची जागा घ्यायला काही उरत नाही.

म्हणून प्राण्याचा कोणता भाग हातात आला आहे, हे आधी पाहावे. पाठीच्या कण्यालगतचे दोन लांब पट्टे, ज्यांना इकडे बॅकस्ट्रॅप म्हणतात, आणि त्यांच्या आतल्या बाजूचे टेंडरलॉइन हे स्नायू कमी राबलेले असतात. त्यांना मोठी आच आणि थोडा वेळ लागतो. आदल्या रात्री मीठ लावून ते फ्रिजमध्ये उघडे ठेवावेत, तव्यावर टाकण्यापूर्वी वरचे पाणी पूर्ण टिपून घ्यावे, बिडाचा तवा चांगला तापवून थोड्या तेलावर दोन्ही बाजू लाल कराव्यात आणि शेवटी लोणी घालून तेच चमच्याने वर सोडत राहावे. मांसात खुपसायचा थर्मामीटर ६३ अंश सेल्सिअस दाखवू लागला की ताबडतोब उतरवून निदान तीन मिनिटे तसेच राहू द्यावे. बीफच्या सबंध तुकड्यांसाठी अमेरिकेच्या कृषी खात्याने सांगितलेली किमान मर्यादा हीच आहे. अनेक शिकारी याहून कच्चे खातात. मी तसे करत नाही आणि कोणाला सांगतही नाही. पण ७० च्या पुढे गेलेला बॅकस्ट्रॅप करडा आणि कोरडा होतो, हेही तितकेच खरे. कापताना धाग्यांना आडवे, पातळ कापावे. अर्धा मऊपणा त्या सुरीत असतो.

मान, खांदा आणि पायाच्या नळीचा भाग यांचे तंत्र अगदी वेगळे. हे स्नायू आयुष्यभर राबलेले असतात आणि त्यांत कोलाजेन हे स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट प्रथिन भरपूर असते. ते विरघळून त्याचे जिलेटिन होण्यासाठी तास न् तास मंद आच आणि ओलावा लागतो. नळीचे तुकडे चरबीवर लाल करून, कांदा, गाजर, सेलरी आणि हाडांचे सार घालून, घट्ट झाकणाच्या भांड्यात १५० अंशांच्या ओव्हनमध्ये साडेतीन-चार तास ठेवले की मांस हाडापासून आपोआप सुटते आणि रस बोटांना चिकटण्याइतका दाट होतो. माझ्या मते एल्कचा सर्वांत रुचकर भाग हाच आहे, आणि बॅकस्ट्रॅपच्या कौतुकात तो बहुतेकदा खिम्यात जातो याचे मला वाईट वाटते.

सर्वाधिक फसगत होते ती मागच्या पायाच्या मोठ्या, गोल स्नायूंची. तुकडा दिसायला मोठा आणि कठीण, म्हणून लोक तो दिवसभर मंद आचेच्या भांड्यात (स्लो कुकरमध्ये) ठेवतात. पहिल्या वर्षी मीही तेच केले आणि आठ तासांनी झाकण काढले तेव्हा पाण्यात बुडालेले मांस भुशासारखे कोरडे झाले होते. या स्नायूंत चरबी नाही आणि कोलाजेनही फारसे नाही, त्यामुळे लांब शिजवण्याने विरघळावे असे त्यांत काही नसते. असा तुकडा १२० अंशांच्या मंद ओव्हनमध्ये सावकाश ६३ पर्यंत न्यावा, थांबू द्यावा आणि कागदासारखा पातळ कापावा.

लेखात ‘रानटी वास’ घालवण्यासाठी मांस रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवण्यास सांगितले आहे. आंबट द्रव मांसात काही मिलिमीटरच्या पलीकडे शिरत नाही. तो पृष्ठभाग तेवढा पिठूळ करतो. आत खोलवर जाते ते मीठ. उग्र वास बहुधा स्वयंपाकघरात येण्यापूर्वीच तयार झालेला असतो. तीनशे किलोच्या नराचे शरीर, विशेषतः मांडीच्या सांध्याभोवतीचा भाग, कातडी काढून लवकर थंड केला नाही तर मांस हाडालगत आंबू लागते. दुसरे कारण म्हणजे एल्कची स्वतःची चरबी. ती उच्च तापमानाला वितळते, त्यामुळे गरम घासही टाळूला मेणासारखा चिकटतो, आणि फ्रीझरमध्ये ती लवकर खवट होते. ती, आणि स्नायूंवरचा चंदेरी पापुद्रा, सुरीने काढून टाकावा. खिमा करताना मात्र गाईची किंवा डुकराची चरबी बाहेरून घालावी लागते, आणि म्हणूनच दुकानातल्या खिम्याच्या पाकिटावरचा चरबीचा आकडा वाचल्याशिवाय ‘दीड ग्रॅम’ गृहीत धरू नये. कृषी खात्याच्या तक्त्यात कच्च्या खिम्याची चरबी जवळजवळ नऊ ग्रॅम दिली आहे. खिम्यासाठी मर्यादाही वेगळी, ७१ अंश सेल्सिअस, कारण पृष्ठभागावरचे जंतू दळताना आतपर्यंत मिसळलेले असतात. घरी वाळवायच्या जर्कीचे, म्हणजे सुकवलेल्या पट्ट्यांचे, मांसही वाळवण्याच्या यंत्रात घालण्यापूर्वी ७१ अंशांपर्यंत तापवून घ्यावे. गरोदर स्त्रियांनी टोक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या धोक्यामुळे अर्धकच्चा तुकडा मुळीच खाऊ नये.

लेखात ज्यांचा उल्लेखच नाही असे दोन धोके आहेत. पहिला शिशाचा. शिशाची गोळी हाडावर आदळली की तिचे कण जखमेपासून वीतभर दूरपर्यंत विखुरतात आणि त्यांतले पुष्कळ डोळ्यांना दिसत नाहीत की दातांनाही लागत नाहीत. नॉर्थ डकोटा राज्यात २००८ मध्ये झालेल्या तपासणीत शिकारीचे मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिशाचे प्रमाण न खाणाऱ्यांपेक्षा थोडे अधिक आढळले. घरात लहान मुले असतील तर ‘गोळी तांब्याची होती का’ हे मांस देणाऱ्याला विचारण्यात संकोच करू नये, आणि जखमेभोवतीचे मांस सढळ हाताने काढून टाकावे.

दुसरा धोका क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या रोगाचा. तो १९६७ मध्ये कोलोरॅडोतील संशोधन केंद्रात बंदिस्त हरणांत प्रथम दिसला आणि १९८१ मध्ये याच राज्यातील रानटी एल्कमध्ये आढळला. मेंदू पोखरणारा हा रोग प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, आणि ते प्रथिन शिजवण्याने नष्ट होत नाही, गोठवण्यानेही नाही. माणसाला याची लागण झाल्याची नोंद आजवर नाही. तरीही अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला असा आहे की रोगग्रस्त भागातल्या प्राण्याची चाचणी करून घ्यावी, दोष आढळल्यास मांस खाऊ नये आणि मेंदू, मज्जारज्जू, डोळे, प्लीहा व लसिका ग्रंथींना हात लावू नये. ‘नीट शिजवले की सगळे सुरक्षित’ हे लेखातले शेवटचे वाक्य म्हणूनच मला खटकले. जंतूंच्या बाबतीत ते बरोबर आहे, शिसे आणि प्रायॉन यांच्या बाबतीत नाही.

शेवटी, हे मांस मिळते कोठून, याविषयी. १९०० च्या सुमारास बाजारासाठी झालेल्या बेसुमार शिकारीने एल्क एक लाखाच्याही खाली आले होते. त्यानंतर कायदे कडक झाले, वायोमिंगमध्ये १९१२ साली एल्कसाठी राखीव क्षेत्र स्थापन झाले आणि आज त्यांची संख्या दहा लाखांच्या आसपास आहे. कायदे कडक झाल्यापासून अमेरिकेत रानटी एल्कचे मांस शिकाऱ्याला विकता येत नाही. तो ते स्वतः खाऊ शकतो किंवा कोणाला देऊ शकतो. उपाहारगृहात किंवा दुकानात मिळते ते पाळीव कळपांतले. लेखात ‘रानात मुक्त चरलेले’ म्हणून जे गुण सांगितले आहेत, ते विकत घेतलेल्या पाकिटालाही लागू होतील असे समजण्याचे कारण नाही, कारण पाळीव एल्कला धान्यही खाऊ घालतात.

पुरवणीच्या पुढील अंकात निदान दोन दुरुस्त्या छापाव्यात अशी विनंती आहे: सबंध तुकड्यासाठी ६३ अंश आणि खिम्यासाठी ७१ अंश ही तापमाने, आणि कोलेस्टेरॉलचा खरा आकडा. जागा उरलीच तर नळीच्या तुकड्यांची कृती मी आनंदाने सविस्तर लिहून पाठवीन.

आपली,
कोलोरॅडोतील एक वाचक