तारवाल्या काकांना जाहीर थँक्यू

काका रामराम. तोंडावर थँक्यू म्हटलं असतं तर तुम्ही "मले काहून लाजवून राह्यला बाप्पा" म्हणून उठून गेले असते, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

हॅम (हौशी रेडिओ) लायसन्सच्या जनरल ग्रेडला मिनिटाला 8 शब्दांचा मोर्स कोड लागतो म्हणून मी मोबाईलवर ठिपके-रेघांचा तक्ता पाठ करत बसलो होतो. चार महिने. बीप ऐकू आला की डोक्यात आधी तक्ता उघडायचा, तोवर पुढची दोन अक्षरं निघून गेलेली. तुम्ही ओसरीवरून ऐकलं आन म्हणाले, "ठिपके काहून मोजून राह्यला? के म्हणजे डा-डि-डा, गानं हाय ते." तक्ता डिलीट करायला लावला. मग आठवडाभर फक्त के आणि एम, अक्षर फास्टच, मधली जागा तेवढी मोकळी. मला वाटलं काका मजा घेऊन राह्यले.

आणि तुम्ही स्वतः शिकलेले तार ऑफिसातल्या साउंडरवर (कट्-कट् वाजणारं तारेचं यंत्र), तिथं शिट्टी नाहीच, दोन कट् मधल्या अंतरावरून डॉट का डॅश ते कानानं ठरवायचं. टेलिप्रिंटर आले तेव्हाच ते सुटलं, तार तर 2013 च्या जुलैत कायमची बंद. माझा बीप ऐकून पहिल्या दिवशी म्हणाले होते, "हे टिटवीवानी ओरडते."

ती रात्र मात्र सांगतोच. रेडिओ सेट फवारणी पंपाच्या 12 व्होल्ट बॅटरीवर, एक्सा पत्तीची की (मोर्स वाजवायचं बटण), कडुनिंबावरून दोन्हीकडं दहा-दहा मीटर अँटेनाची तार, पावर पाच वॅट पण नाही (घरातला बल्ब 9 चा आहे). 7.030 मेगाहर्ट्झवर शेजारच्या वावरातलं कुंपणाचं झटका मशीन सेकंदा-सेकंदाला टक् टक्, मी वैतागलो, तर तुम्ही म्हणाले, "डुकरापायी लावलं हाय त्यानं, बंद कर कसं म्हनता? दोन टकच्या मधातलं ऐक." आणि खरंच मधातून हैदराबादचं स्टेशन आलं, माझंच कॉलसाईन (रेडिओवरचं नाव) परत देत. त्याच्या कॉलसाईनचं शेवटचं अक्षर माझं सुटलं तर तुम्ही काही न बोलता माझ्या मांडीवर बोटानं वाजवलं, डि-डा-डिट. आर. हात इतका थरथरत होता की 559 (त्याचा सिग्नल कसा येतोय त्याचा आकडा) पाठवताना मी दोनदा चुकलो.

उद्या बॅटरी तुरीच्या फवारणीला जाते. परवा चार्ज झाली की संध्याकाळी या, चहा ठेवतो.

डा-डा-डि-डि-डिट, डि-डि-डि-डा-डा. 73, म्हणजे हॅमवाल्यांच्या शुभेच्छा, काका.