काका, घरी सांगू नका

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

बेरोजगारीवर एवढं छापून येतं, त्यात एमपीएससीच्या पोरांना कोणीही उठून आळशी म्हणतं म्हणून लिहितोय. माझं सदाशिव पेठेत झेरॉक्सचं दुकान आहे, १८ वर्षं झाली, धंदा या पोरांवरच चालतो हे आधीच कबूल करतो, नोट्स, चालू घडामोडी, जुन्या प्रश्नपत्रिका, स्पायरल, दिवसभर हेच. सकाळी ७ला अभ्यासिकेत शिरलेलं पोरगं रात्री ११ला बाहेर पडताना मी रोज बघतो. आळशी माणसाला हे जमणार नाही.

पण काउंटरवर तीन महिने पाटी लावलीये, सकाळी ७ ते ११ कामाला मुलगा/मुलगी पाहिजे. त्याच पाटीला टेकून पोरं कॉप्या काढून घेतात नि विचारतात, काका पेन आहे का. पाटीचं एकानेही विचारलं नाही.

मागे एक होता, हिंगोलीकडचा. घरून येणारे पैसे सोयाबीनच्या भावावर, मेसचं बिल थकलं तसा माझ्याकडे कामाला लागला. हिशोब तर माझ्यापेक्षा पक्का. पहिल्याच दिवशी म्हणाला, काका घरी सांगू नका. एकदा त्याच्या गावचे कोणीतरी अचानक दुकानात आले तर हा मशीनमागून सटकन बाहेर येऊन गिऱ्हाइकांत उभा राहिला आणि मलाच म्हणतो, "काका, आधारच्या दोन कॉप्या द्या." मी पण गुपचूप काढून दिल्या, ४ रुपये घेतले सुद्धा! ते गेल्यावर दोघं हसलो खरं, पण चोरी करताना सापडल्यासारखा चेहरा झाला होता पोराचा, रात्री शटर ओढताना तेच डोळ्यासमोर येत होतं.

ही लाज घरातूनच येते. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी कमवा आणि शिका सुरू केलं, पोरं राबून शिकली, पुणे विद्यापीठात त्या नावाची योजना अजून चालू आहे, सत्काराच्या भाषणात सगळे छाती फुगवून सांगतात, आणि स्वतःचा पोरगा पेट्रोल पंपावर लागला तर पाहुण्यांना सांगणार 'क्लास वनची तयारी करतोय'. मी काही वेगळा नाही. माझ्या मुलाला इंजिनिअरिंगनंतर १५ हजाराची नोकरी आली तेव्हा "एवढ्यासाठी शिकवलं का तुला" हे मीच बोललो होतो, नंतर दीड वर्ष घरी बसला.

आणि आयोगाच्या तारखांचा काय भरवसा? २५ ऑगस्ट २०२४ची राज्यसेवा पूर्व, त्याच दिवशी बँक भरतीचा आयबीपीएसचा पेपर, पोरं शास्त्री रोडवर आंदोलनाला बसली, मग परीक्षा झाली १ डिसेंबरला. असे महिनेच्या महिने जातात तिथं रोजच्या चार तास कामाने कोणाची पोस्ट हुकेल असं मला तरी वाटत नाही. खुल्या गटाला ३८ पर्यंत फॉर्म भरता येतो, पण तोवर कोऱ्या बायोडेटाचं काय करायचं? अर्थात बारा तास राबवून नऊ हजार हातावर टेकवणाऱ्या मालकांकडे कोणी जात नसेल तर ते बरोबरच आहे, तिथं पोरांना नावं ठेवू नयेत.

हिंगोलीच्या पोराची पोस्ट काही निघाली नाही. परवा फोन आला, एका पतसंस्थेत मुलाखत आहे, सहा वर्षं काय केलं या रकान्यात तुमचं दुकान लिहिलंय, फोन आला तर हो म्हणाल ना? म्हटलं म्हणतो की, आणि आधारच्या दोन कॉप्यांचंही सांगू का? खूप हसला.

पाटी अजून तिथंच आहे, तासाला ६० रुपये आणि चहा. हे जाहिरातीत धरून बिल पाठवू नका म्हणजे झालं.

आपला,
एक झेरॉक्सवाला, सदाशिव पेठ, पुणे